मोकळं पान म्हणजे पाणी चांगलं

३ मार्च, सोमवार

आजपासून रोजनिशी. कोणी वाचणार नाही, त्यामुळे स्वतःबद्दल चांगलं लिहायला संकोच नको.

पाणीखात्याची वेबसाइट आज सुरू झाली. थीम माझी. म्हणजे साइटचं सगळं रूप, रंग, मांडणी, झालंच तर अक्षरंसुद्धा. फॉन्ट मी स्वतः काढलाय, नाव ‘निर्मळ’. दीड वर्ष सुट्टीचा दिवस म्हणून बघितला नाही. ‘क्ष’ची शेपटी जमेना तेव्हा भरल्या ताटावरून उठलो होतो, ते ही अजून ऐकवते. ही म्हणजे बायको.

खात्याचे अभियंता आले होते. सावध माणूस. बोलताना खिशातलं पेन आहे ना, हे सारखं चाचपतात. त्यांनी विचारलं, आता सूचना साइटवर येणार, तर भोंग्याची गाडी बंद करायची का? ती गाडी गल्लोगल्ली ‘उद्या पाणी येणार नाही’ असं ओरडत फिरते. मी म्हटलं, बिनधास्त बंद करा, कुणाला हवाय तो कलकलाट? आमच्या साहेबांनी माझ्याकडे अभिमानानं पाहिलं. निदान पाहिलं तरी.

संकल्प: रोज लिहायचं. चहा कमी. स्वयंपाकघरातला पाण्याचा फिल्टर दुरुस्त करून घ्यायचा, त्यावरून हिची कटकट चालू आहे.

५ मार्च, बुधवार

टेस्टरबाईंनी पहिला खडा टाकला. दुसऱ्यांच्या कामात चुका काढायच्या, हे या बाईंचं ऑफिसातलं काम. दुर्दैवानं त्यांना ते आवडतं.

म्हणाल्या, निर्मळ आलाच नाही तर? म्हटलं, येणार नाही म्हणजे? तो काय पाहुणा आहे? म्हणाल्या, फॉन्टची फाइल जड आहे, जोडाक्षरं ठासून भरलीत, तुमच्या छोट्याशा सर्व्हरवरून ती लोकांच्या मोबाइलवर पोचायला हवी. नेट मंद असलं, सर्व्हरवर गर्दी झाली, तर तोवर लोकांना काय दिसणार?

काहीच नाही, मी म्हटलं. साइटच्या कोडमध्ये मुद्दाम तशी ओळ लिहिली आहे. निर्मळ पोचेपर्यंत मजकूर झाकून ठेवायचा. नाहीतर ब्राउझर आधी हाताला लागेल त्या फॉन्टात सगळं दाखवतो आणि मग आपला फॉन्ट आला की पान टुणकन उडी मारतं. पाहुणे दारात आणि यजमान बनियनवर, असला प्रकार.

ओंगळ दिसण्यापेक्षा न दिसलेलं बरं. वाक्य झकास झालं. टेबलासमोरच्या भिंतीवर लावणार.

त्यांचं म्हणणं, ती झाकायची ओळ काढा आणि फॉलबॅक लिहा. म्हणजे निर्मळ नसेल तर अमुक फॉन्ट, तो नसेल तर तमुक, अशी ओळीनं नावं. लग्नपत्रिकेवर खबरदारी म्हणून दुसऱ्या नवऱ्याचं नाव छापण्यासारखं आहे हे. मी ‘बघतो’ म्हटलं. आमच्या ऑफिसात ‘बघतो’ म्हटलं की विषय संपतो.

८ मार्च, शनिवार

फिल्टरवर लाल दिवा लागलाय. आतलं काहीतरी बदलायला झालंय म्हणे. स्वयंपाकघराच्या फिकट हिरव्या फरशीवर तो लाल ठिपका फारच विजोड दिसतो. तूर्तास त्यावर पांढरी चिकटपट्टी लावली. लगेच शांत वाटलं. फिल्टरवाल्याला सोमवारी फोन.

आमचा रस्ता खणून ठेवलाय. गावाचा हा खालचा भाग, सगळ्या जमिनीखालच्या भानगडी इकडेच. पिण्याच्या पाण्याचा पाइप आणि सांडपाण्याचा पाइप शेजारी शेजारी उघडे पडलेत, जुळ्या भावांसारखे. कामगार घोटाभर चिखलात उभे. माझे नवे बूट खराब झाले. खात्यात ओळख झालीच आहे, तर अभियंत्यांच्या कानावर घालणार. बुटांचं.

११ मार्च, मंगळवार

नाना म्हणजे माझे वडील, मागच्या खोलीत असतात. त्यांच्या मूतखड्यावर डॉक्टरांनी एकच औषध सांगितलंय, पाणी प्या, भरपूर प्या. त्यामुळे तांब्याभांडं कायम उशाशी. माझा जुना टॅब त्यांना दिलाय. रोज सकाळी आंघोळ आटोपली की ते पाणीखात्याची साइट उघडून बसतात. मुलानं केली आहे ना! तळमजल्यावरच्या शिंपीणबाई जिन्यातून हाक मारतात, नाना, आज पाण्याचं काय? आणि नाना वरून जाहीर करतात. भोंगा बंद झाला, त्याची जागा वडिलांनी घेतली.

आज मात्र नाना जरा दबकतच म्हणाले, अरे, मला अक्षरं दिसत नाहीत. पान नुसतं पांढरं दिसतं.

माझा मोबाइल त्यांच्यापुढे धरला. दिसतंय? हो, म्हणाले, तुझ्यात तर ठळक दिसतंय. म्हटलं, मग झालं तर! साइट एकच, नाना. इथे दिसते म्हणजे तिथेही असतेच. टॅब हातात घेऊन पाहिला. पान पांढरं होतं खरं, पण खिडकीतून काचेवर ऊन पडत होतं. शिवाय टॅब जुना आहे, दमतो बिचारा. उजेड वाढवून दिला.

नानांचा चेहरा तरी उतरलेलाच. त्यांना बरं वाटावं म्हणून सांगितलं, त्यात घाबरायचं काय? सूचना नसली की पान मोकळंच दिसणार. मोकळं पान म्हणजे पाणी चांगलं. नानांनी ते वाक्य दोनदा म्हणून पाठ केलं. मलाही आवडलं. समजावण्याची हातोटी असते एकेकाला.

पण डोळे दाखवायला हवेत. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन बरेच दिवस झाले.

१८ मार्च, मंगळवार

नानांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. समोरच्या तक्त्यावरची सगळ्यात खालची, मुंगीएवढी ओळ नानांनी घडाघडा वाचली. मला ती वाचता आली नाही. डॉक्टर म्हणाले, यांचे डोळे उत्तम आहेत, तुम्हीच बसा खुर्चीवर.

 वाटेत नाना म्हणाले, तक्ता वाचता येतो आणि तुझं पान दिसत नाही, म्हणजे काहीतरी आतलंच असणार, डॉक्टरांना न सापडणारं. म्हटलं, असेल. डॉक्टरांची यंत्रं जुनी वाटली. शिवाय म्हाताऱ्या माणसाला वाईट वाटू नये म्हणून थोडं गोड बोलतातच.

फिल्टरवाल्याला फोन राहिला. उद्या नक्की.

२१ मार्च, शुक्रवार

माझ्याविरुद्ध काहीतरी शिजतंय.

सकाळी लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरचे गृहस्थ म्हणाले, तुमची ती साइट कोरीच उघडते हो. दुपारी कोपऱ्यावरचा दुकानदार तेच म्हणाला. दोघांचे मोबाइल कसले होते ते मी पाहिलं आहे, त्यामुळे फारसं मनावर घेतलं नाही.

ऑफिसात टेस्टरबाईंनी स्वतःचा मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. वर खात्याचं चिन्ह, खाली निळी पट्टी, मधे पांढरी चौकट. अक्षर एक नाही. म्हटलं, थांबा. थांबलो. दोघंही त्या पांढऱ्या चौकटीकडे बघत उभे, कुणी आत अडकलंय आणि आता दार उघडणार असं. शेवटी अक्षरं आली. म्हटलं, आली की नाही? त्या म्हणाल्या, आज नुसती वेळापत्रकाची सूचना आहे म्हणून मी थांबले, ज्या दिवशी सगळं गाव एकदम उघडेल त्या दिवशी तुमचा सर्व्हर मान टाकेल. आणि सगळं गाव एकदम कधी उघडतं, ते तुम्हीच सांगा.

अंगावर काटा आला. एसी जास्त होता.

अभियंत्यांचाही फोन. पेन चाचपत असणार. लोक विचारतात, साइट रिकामी का दिसते? त्यांना मोकळ्या जागेचं महत्त्व समजावलं. चांगल्या मांडणीत मजकुरापेक्षा मोकळी जागा जास्त बोलते, वगैरे.  ते म्हणाले, भोंगा उतरवून ती गाडी आता कचऱ्याच्या कामाला लावली आहे, तेव्हा आमची सगळी भिस्त तुमच्यावर. मी धन्यवाद म्हटलं.

२६ मार्च, बुधवार

आनंदाची बातमी! सार्वजनिक वेबसाइटच्या उत्तम रूपासाठी एक स्पर्धा जाहीर झाली आहे. परीक्षकांना पानांचे फोटो पाठवायचे, सात एप्रिलपर्यंत. निर्मळचंच नाव लागणार. साहेबांना सांगितलं, ते ‘बघू’ म्हणाले. साहेबांच्या ‘बघू’चा अर्थ मात्र वेगळा असतो.

अडचण एकच. आजवरच्या सूचना सगळ्या तोकड्या. ‘पाणी सकाळी सहाला’ यात फॉन्टचं काय दिसणार, कप्पाळ? भरघोस जोडाक्षरं असलेली एक लांबलचक सूचना यायला हवी. देवा, एकदा तरी येऊ दे.

३० मार्च, रविवार

ही सकाळी बहिणीकडे गेली. बहिणीचं बाळंतपण आहे, पंधरा-वीस दिवस तरी लागतील. निघताना नळाखाली पेला धरला, उजेडात पाहिला, हुंगला आणि माझ्या नाकाशी आणला. किंचित मातकट वास होता. रस्ता खणलाय, माती यायचीच. ही म्हणाली, फिल्टर बंद आहे, नानांचं पाणी रोज उकळायचं. म्हटलं, तशी वेळ आलीच तर साइटवर सूचना येईल, साइट आपलीच आहे.  ही म्हणाली, तुझं पान दिसो न दिसो, तू पाणी उकळ.

तिच्या मोबाइलवरही पान कोरं दिसतं, असंही जाता जाता म्हणाली. मोबाइल बदलून द्यायला हवा. वाढदिवसाला देतो.

संकल्प: रोज रात्री पाणी उकळणे.

२ एप्रिल, बुधवार

परवा उकळलं. काल उकळत ठेवून ‘ज्ञ’ थोडा जाड करायला बसलो, तर पाणी आटून पातेलं काळं. आज पातेलं घासायचं होतं, म्हणून नाही उकळलं. माझं स्वतःचं अडत नाही. घरी मी चहाच पितो आणि ऑफिसात बाहेरून आणलेल्या पाण्याचे जार असतात.

नानांना म्हटलं, जपून. ते म्हणाले, काळजी कसली, रोज पान बघतो की मी. मोकळं असतं.

४ एप्रिल, शुक्रवार

टेस्टरबाई थेट साहेबांकडे गेल्या. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. म्हणाले, सोमवारी सकाळी आल्या आल्या पहिलं काम, झाकायची ती ओळ काढा आणि दुसऱ्या फॉन्टची नावं टाका. जमेल? म्हटलं, हे काय विचारणं झालं?

खरं तर ते आत्ताही होईल, एका ओळीचं काम. पण शुक्रवारी साइटला हात लावू नये, हा आमच्या धंद्यातला संकेत आहे. पाळलाच पाहिजे.

नानांच्या टॅबवरही मग साध्या फॉन्टात का होईना, दिसू लागेल बहुधा. म्हणजे डोळ्यांचं काही नसेल तर.

घरी येताना पाहिलं, खड्डा तसाच. जुळ्या पाइपांपैकी एक कुठेतरी गळत होता. कोणता, ते चिखलात कळेना. नाकाला रुमाल लावून पलीकडे गेलो.

७ एप्रिल, सोमवार, दुपारी

आली! लांबलचक सूचना आली!

सकाळी फॉलबॅकच्या कामालाच बसणार होतो. आधी सहज साइट उघडली आणि बघतच राहिलो. पांढऱ्या चौकटीत चार भरगच्च ओळी. ‘मुख्य’मधला ‘ख्य’, जणू कोरून काढलाय. ‘शिरल्याने’मधला ‘ल्या’ नेमका बसलाय. आणि ‘दूषित’! ‘षि’ची वेलांटी अशी काही झुकली आहे की डोळ्यांत पाणी आलं. दीड वर्षाचं चीज झालं. मजकूर काय होता ते लक्षात नाही, खात्याचं नेहमीचंच काहीतरी असणार. वळणं मात्र लक्षात आहेत.

लगेच फोटो काढला, स्पर्धेचा अर्ज भरला. आज शेवटचाच दिवस होता, यालाच योग म्हणतात. फॉलबॅक आता उद्या. परीक्षकांनी साइट उघडून पाहिली आणि तेवढ्यात काही बिघडलं, तर काय तोंड दाखवणार?

टेस्टरबाई जागेवर नाहीत. सुट्टीवर आहेत. ऑफिस कसं मोकळं मोकळं वाटतंय.

७ एप्रिल, संध्याकाळी

नाना खुशीत. म्हणाले, आज सकाळी जिन्यात रांगच लागली होती. कुणाचीच साइट उघडेना, सगळ्यांची कोरी. पाण्याला वास येतोय, प्यावं का, असं सगळे विचारत होते. मी टॅब उघडला, पान मोकळं. सांगितलं सगळ्यांना, माझ्या मुलानं सांगून ठेवलंय, मोकळं पान म्हणजे पाणी चांगलं, भरा खुशाल. शिंपीणबाई हंडा घेऊन उभ्याच होत्या, त्या तिथल्या तिथे ओंजळ भरून प्यायल्या.

म्हटलं, शाब्बास नाना.

आता लिहिताना जरा चुकचुकल्यासारखं होतंय. पान मोकळं कसं? सूचना तर होती. नंतर टाकली असेल. झोप आली आहे.

८ एप्रिल, मंगळवार

ऑफिसला गेलो नाही. नानांचं पोट बिघडलंय. पहाटेपासून उलट्या. ऊन फार आहे हल्ली. साखर-मीठ घातलेलं पाणी पाजतोय, पेल्यामागून पेला. या वयात पाणी पोटात जायलाच हवं. नळाचंच, पण साखर-मीठ घालून.

टेस्टरबाईंचे फोनवर फोन येताहेत. घेतले नाहीत. फॉलबॅकवरूनच डोकं खाणार. माणूस घरी आजारी असताना तरी!

हिचाही नेटवरून फोन आला. बिल्डिंगच्या ग्रुपवर जो तो पोटाचंच लिहितोय म्हणे. एका घरात दोन-दोन माणसं. साइट उघडली, तर कोरी. पाण्याचं काही आहे का? म्हटलं, तुझ्याकडे नेट नाही. म्हणाली, मग मी आत्ता बोलतेय कशावरून? हिला ना, वाद घालायला निमित्त लागतं.

दुपारी जिन्यातून कुणीतरी कुणालातरी उचलून नेत होतं. दार उघडून पाहिलं नाही. नानांना वारा लागला असता.

९ एप्रिल, बुधवार

हॉस्पिटल.

नानांना पहाटे उभं राहवेना. खालच्या चौकीदारानं आणि मी खुर्चीवर बसवून उतरवलं. वॉर्डात शिरलो, तर सगळे ओळखीचे. लिफ्टमधले गृहस्थ. कोपऱ्यावरचा दुकानदार. एका खाटेवर दोन-दोन पोरं. इतकी आमच्या भागातली माणसं एका खोलीत मी कधी पाहिली नव्हती. कुणी मला काही बोललं नाही. त्यांच्या अंगात बोलायचं त्राणच नव्हतं.

सिस्टरनं सलाइन लावता लावता विचारलं, नळाचं पाणी प्यायले का? पिऊ नका म्हणून खात्यानं सूचना दिलीय ना? म्हटलं, सूचना असती तर मला कळली असती, साइट माझीच आहे. मोबाइल काढून दाखवायला गेलो, तर सोमवारचा तो फोटोच समोर आला. आणि मी तो पहिल्यांदा वाचला.

‘खालच्या भागातील मुख्य जलवाहिनीत दूषित पाणी शिरल्याने, पुढील सूचना मिळेपर्यंत नळाचे पाणी कोणीही पिऊ नये. साठवलेले पाणी ओतून द्यावे. उलट्या, जुलाब झाल्यास तत्काळ हॉस्पिटलमध्ये जावे.’

सिस्टरनं स्वतःच्या मोबाइलवर साइट उघडली. वर चिन्ह, खाली निळी पट्टी, मधे पांढरं. आम्ही थांबलो. काही आलं नाही. ती म्हणाली, मला तर हे कालपासून असंच दिसतंय. आमच्या डॉक्टरांनी खात्यात फोन करून विचारलं, तेव्हा कळलं.

माझ्या मोबाइलवर निर्मळ मी स्वतः घालून ठेवलाय. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरही. मला तो कायमच दिसणार होता.

 माझं पोट ठीक होतं, मी चहावर होतो.

टेस्टरबाईंना फोन लावला. त्या सुट्टीत आपल्या गावी होत्या. तिथे सोमवारी रात्री उशिरा पान उघडून थांबल्या, तेव्हा कधीतरी अक्षरं आली आणि त्यांनी मला फोन करायला सुरुवात केली. ऑफिसलाही केले, पण साइटची चावी, म्हणजे पासवर्ड, माझ्याकडे. दुसऱ्या कुणाला दिली नव्हती, थीमला कुणी हात लावू नये म्हणून. त्या रागावल्या नाहीत. नाना कसे आहेत, एवढंच विचारलं.

१० एप्रिल, गुरुवार

हॉस्पिटलच्या बाकावर बसून ती ओळ काढली. दुसऱ्या फॉन्टची नावं लिहिली. सिस्टरला पान उघडायला सांगितलं. ताबडतोब दिसलं. साध्या, बसक्या, कुठल्याही डब्यावर असतात तसल्या अक्षरांत.

रस्त्यावरून पुन्हा भोंगा चढवलेली ती गाडी गेली. कचऱ्याच्या वासासकट. ‘पाणी पिऊ नका’ एवढंच ओरडत होती. वॉर्डात सगळ्यांनी माना वळवल्या.

साहेबांचा फोन येऊन गेला. ते आवाज न चढवता बोलले. खात्याचे अभियंताही वॉर्डात येऊन गेले. प्रत्येक खाटेपाशी थांबले, माझ्यापाशी मात्र न थांबता पुढे गेले. खिशाला पेन नव्हतं.

शिंपीणबाई पलीकडच्या बंद खोलीत आहेत, काचेच्या दारामागे. मूत्रपिंडं काम करेनाशी झालीत म्हणे. त्यांचा नवरा दाराशी उभा असतो. माझ्या डोळ्याला डोळा देत नाही. म्हणजे मीच देत नाही.

स्पर्धेवाल्यांचा निरोप: तुमची प्रवेशिका मिळाली, परीक्षकांना फोटो फार आवडला.

१२ एप्रिल, शनिवार

नाना थोडे बसते झालेत. सकाळपासून एकच घोकतात, मीच सांगितलं त्या बाईंना, भरा म्हणून. माझेच डोळे गेले होते, आणि मी मिरवत होतो. डॉक्टर उत्तम म्हणाले तरी मला आतून कळत होतं. मी कशाला सांगायला गेलो?

नानांना सांगायचं आहे. तुमचे डोळे चांगले आहेत, पानावरच काही नव्हतं, ते मी झाकलं होतं, आणि मोकळ्या पानाचं ते वाक्यही माझंच. कालपासून वाक्य जुळवतोय. जे सुचतं ते फार ओबडधोबड वाटतं. असलं काहीतरी एकदम तोंडावर कसं फेकायचं? नीट जमलं की सांगणार होतो.

दुपारी सिस्टरनं एका पुठ्ठ्यावर जाड पेनानं लिहून वॉर्डच्या दारावर चिकटवलं. ‘नळाचे पाणी पिऊ नका.’ अक्षर म्हणजे नुसता गोंधळ. ओळ चढावर गेलेली, ‘णी’ची वेलांटी भलतीकडे, शेवटी जागा संपली म्हणून ‘नका’ खाली लोंबतंय. मला ते बघवेना. नानांनी उशीवरूनच, चष्म्याशिवाय, मोठ्यानं वाचलं. मग माझ्याकडे वळून हसले. म्हणाले, अक्षर काय गचाळ आहे रे. पण दिसतं.

तेवढ्यात पलीकडच्या खोलीपाशी गडबड झाली. काचेचं दार उघडलं, मिटलं. शिंपीणबाईंचा नवरा बाहेर येऊन भिंतीला टेकला आणि तसाच खाली बसला. कुणी त्याला पाणी आणून दिलं, ते त्यानं हातात नुसतं धरून ठेवलं.

नानांनी ते सगळं पाहिलं. इतक्या लांबून. माझा हात धरला आणि विचारलं, खरं सांग, माझ्या डोळ्यांमुळेच झालं ना हे?

मी तोंड उघडलं. ओठ हलले, हे मला कळत होतं. आवाज काही केल्या येईना.

नाना कान पुढे करून बराच वेळ थांबले. मग मान हलवून म्हणाले, राहू दे. आता माझे कानही गेले वाटतं.